दधीचींच्या घरीं कोण गेलें?

दधीचि ऋषींची कथा आम्हीं वर्गांत तीस वर्षें शिकविली. वृत्रासुराच्या वधाकरितां देव आश्रमांत येतात, ऋषींच्या अस्थि मागतात, ऋषि प्रसन्न मुद्रेनें देहत्याग करितात. त्या अस्थींचें वज्र होतें आणि इंद्र त्यानें वृत्रास मारतो. येथें आमचा पाठ संपे, घंटा होई, आणि मुलें वहींत ‘परोपकार’ हा शब्द लिहून घरीं जात. पुराणांत मात्र कथा येथें संपत नाहीं. ऋषिपत्नी सुवर्चा त्या क्षणीं जवळ नव्हती. ती परतली तों पति गेलेला, अस्थि नेलेल्या, आणि तिच्या उदरीं मूल. देवांनीं अस्थि मागितल्या तेव्हां तिला कोणीं विचारलें नव्हतें. कथेचा हा उत्तरार्ध आम्हांस ठाऊक होता. परंतु तो वर्गांत सांगावा असें आम्हांस तीस वर्षांत एकदांही वाटलें नाहीं.

त्याची आठवण झाली ती सावित्रीबाई खानोलकर यांचें चरित्र वाचतांना. आपल्या परमवीरचक्रावर चार वज्रें कोरलेलीं आहेत. तें पदक रेखाटणारी बाई एका मराठी सैनिकाची पत्नी होती आणि जन्मानें परदेशस्थ होती, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु तिचे दिवस कोणत्या कामांत गेले, हें फार थोडे जाणतात.

बाईंचा जन्म 20 जुलै 1913 रोजीं स्वित्झर्लंडांतील न्यूशातेल येथें झाला. माहेरचें नांव ईव्ह. वडील हंगेरियन, आई रशियन, घर विद्याव्यासंगी. सँडहर्स्ट येथें लष्करी शिक्षण घेत असलेल्या विक्रम खानोलकर या तरुणाची व त्यांची 1929 सालीं ओळख झाली. मुलगी इतक्या दूरदेशीं जावी, हें वडिलांस पसंत नव्हतें. पण मुलगी निश्चयाची होती. कांहीं वर्षांनीं ती हिंदुस्थानांत आली, 1932 सालीं लखनौस विवाह झाला, आणि ईव्हची सावित्री झाली. नांव बदलणें हें एका दिवसाचें काम. बाईंनीं पुढें जें केलें त्यास वर्षें लागलीं. त्यांनीं मांसाहार सोडला. मराठी, हिंदी व संस्कृत ह्या भाषा त्या शिकल्या. पतीची बदली पाटण्यास झाली, तेव्हां तेथील विद्यापीठांत त्यांनीं वेदोपनिषदांचा अभ्यास केला. महाराष्ट्रांतील संतांवर त्यांनीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला. ज्या घरांत ज्ञानेश्वर-तुकाराम जन्मापासून कानीं पडतात, त्या घरांतील आम्ही मंडळी ही गोष्ट वाचून थोडीशी ओशाळतों.

स्वातंत्र्य मिळाल्यावर देशास स्वतःचीं शौर्यपदकें हवीं होतीं. त्या वेळचे अ‍ॅडज्युटंट जनरल मेजर जनरल हिरालाल अटल यांनीं हें काम बाईंवर सोपविलें. 1⅜ इंच व्यासाची कांशाची चकती, मध्यें राजमुद्रा, सभोंवार इंद्राचीं चार वज्रें आणि वर साधी जांभळी फीत. 26 जानेवारी 1950 रोजीं हें पदक स्थापन झालें आणि 15 ऑगस्ट 1947 पासून तें लागू करण्यांत आलें. पहिले मानकरी ठरले मेजर सोमनाथ शर्मा. ते 3 नोव्हेंबर 1947 रोजीं काश्मीरांत बडगाम येथें धारातीर्थीं पडले. बाईंची थोरली कन्या ह्याच शर्मांच्या भावास दिलेली. म्हणजे दधीचींचें घर बाईंच्या सोयऱ्यांतलेंच. आजवर हें पदक 21 वीरांस मिळालें आहे आणि त्यांतील 14 जणांस मरणोत्तर. मरणोत्तर पदक वीर स्वतः घेत नाहीं. तें त्याच्या आईस, बापास किंवा पत्नीस हात पुढें करून घ्यावें लागतें.

बाईंना हे हात जवळून माहीत होते. सैनिकांच्या, विशेषतः युद्धांत पडलेल्यांच्या कुटुंबांची सेवा त्यांनीं वर्षानुवर्षें केली. 1947 सालीं फाळणीनें देशोधडीस लागलेल्या निर्वासितांसाठींही त्या झटल्या. ह्या कामास पगार नव्हता. पलटण हलते, तेव्हां पुरुष जातात आणि छावणींत बायकामुलें मागें राहतात. कोणाचें मूल आजारी पडतें, कोणाचें पत्र यावयाचें थांबतें, कोणाकडे तार येते. अशा वेळीं जी शेजारीण येऊन बसते, तिच्या येण्याची नोंद कोणत्याही दप्तरांत होत नाहीं. 1952 सालीं खुद्द बाईंवरच वैधव्य आलें. तेव्हां विक्रमराव मेजर जनरलच्या हुद्यावर होते. बाईंनीं मनाचा आसरा रामकृष्ण मठांत शोधला. पण सैनिकांच्या कुटुंबांचें काम सोडलें नाहीं. 26 नोव्हेंबर 1990 रोजीं त्या निवर्तल्या.

आतां आमची गोष्ट सांगतों. ती सांगतांना संकोच होतो, तरी सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक विद्यार्थी सीमेवर कामास आला. शाळेनें सभा भरविली. भाषण आम्हींच केलें, आणि अर्थात् दधीचींवर केलें. लोकांचे डोळे पाणावले. त्याची पत्नी समोर बसली होती. तिच्या हातांत घडी केलेला एक कागद होता. सत्काराच्या वेळीं शाल आणि नारळ तिच्या ओंजळींत दिले, तेव्हां तो कागद कोठें धरावा हें तिला सुचेना. शेवटीं तो तिनें दांतांत धरला. सभा संपल्यावर ती आमच्याकडे आली. शाळेच्या दाखल्यावर नवऱ्याचें नांव एक तऱ्हेनें लिहिलेलें, लष्करी कागदांवर एक अक्षर निराळें. दोन्ही नांवें एकाच माणसाचीं, असें शाळेचें पत्र तिला हवें होतें. त्याखेरीज निवृत्तिवेतनाचें काम अडलें होतें. आम्हीं म्हणालों, “सोमवारीं ये.” सोमवारीं आम्ही परगांवीं होतों. तिला चार खेपा पडल्या.

पांचव्या खेपेस तिच्याबरोबर एका निवृत्त सुभेदाराच्या मंडळी आल्या. शिक्षण बेताचें, पण नवऱ्याबरोबर निम्मा देश हिंडलेल्या. त्या आमच्यासमोर खुर्चीवर बसल्या आणि शांतपणें म्हणाल्या, “मास्तर, पत्र मिळेपर्यंत आम्ही दोघी येथेंच बसतों.” पत्रास पंधरा मिनिटें लागलीं. पुढें त्याच बाई तिला कचेरींत घेऊन गेल्या, रांगेंत तिच्यामागें उभ्या राहिल्या, आणि तिचें मूल कडेवर घेऊन बसल्या. आमच्या भाषणास टाळ्या पडल्या होत्या. काम मात्र त्यांनीं केलें.

आज अशा कामास संस्थांचा आधार आहे. सैनिकांच्या पत्नींची आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन ही संस्था 1966 पासून काम करीत आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालयें आहेत. पण खेड्यांतील विधवा त्या दारापर्यंत एकटी कशी पोंचणार? तिच्या शेजारीं बसून अर्ज भरणारा कोणी हवा, आलेलें पत्र वाचून त्याचा अर्थ सांगणारा हवा, मुलाचा अभ्यास घेणारा हवा. वाचकहो, आपल्या एकत्र कुटुंबांत शिकलेलीं माणसें पुष्कळ असतात, आणि दुपारचा रिकामा वेळही असतो. ह्यास वर्गणी लागत नाहीं, अध्यक्ष लागत नाहीं. घरांतील सुनेनें आठवड्याचे दोन तास द्यावे आणि सासूबाईंनीं तेवढा वेळ स्वयंपाकघर सांभाळावें. किंबहुना सासूबाईंनींच जावें.

आतां आम्ही नातवंडांना दधीचींची कथा सांगतों ती शेवटपर्यंत सांगतों. परवां धाकट्या नातीनें विचारलें, “आजोबा, मग त्या बाळाला कोणीं वाढविलें?” पुराण सांगतें, पिंपळाच्या झाडानें, म्हणून त्याचें नांव पिप्पलाद. नातीला तें नवल वाटलें. आम्हांस मात्र वाटतें, आपल्या आळींत असें मूल असेल तर तें काम पिंपळावर टाकूं नये.