मोबाइल टॉवर आकाशात गेला, पण रेंज वाटून कोण देणार?

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलेन चक्रीवादळाने अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागाची दैना उडवली. रस्ते वाहून गेले, वीज गेली, पाठोपाठ मोबाइल टॉवरही बंद पडले. लोकांच्या हातात फोन होते, पण रेंज नव्हती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, स्पेसएक्स आणि टी-मोबाइल या कंपन्यांना तातडीची परवानगी दिली. स्टारलिंकच्या उपग्रहांवरून थेट लोकांच्या साध्या फोनवर सिग्नल पाठवायचा. सेवा तेव्हा चाचणीतच होती, तरी धोक्याच्या सूचना फोनवर यायला लागल्या आणि मेसेज जायला लागले.

पण फक्त मेसेज. व्हिडिओ कॉल नाही, रील्स तर नाहीतच. असं का?

सात मेगाबिट, वाटेकरी हजार

फोनशी थेट बोलणारे पहिले सहा उपग्रह स्पेसएक्सने जानेवारी २०२४ मध्ये सोडले. तेव्हा खुद्द इलॉन मस्क यांनीच एक्सवर सांगून टाकलं होतं की, एका बीममध्ये साधारण ७ मेगाबिट प्रतिसेकंद इतकाच वेग मिळतो आणि बीम खूप मोठे असतात, त्यामुळे जमिनीवरच्या नेटवर्कशी याची खरी स्पर्धा नाही. स्वतःच्या मालाबद्दल एवढं खरं बोलणारा विक्रेता विरळाच!

बीम म्हणजे उपग्रहाच्या अँटेनातून जमिनीवर पडणारा सिग्नलचा झोत. टॉर्च भिंतीजवळ धरला की छोटं, प्रखर वर्तुळ दिसतं. लांब नेला की वर्तुळ पसरतं आणि फिकट होतं. शहरातला टॉवर एक-दोन किलोमीटरचा भाग सांभाळतो, उपग्रहाचा एक बीम मात्र कित्येक किलोमीटर रुंद पसरतो. त्या बीमखाली हजार लोक एकाच वेळी फोन वापरायला लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात ७ किलोबिट. साध्या व्हॉइस कॉललाच १२ किलोबिटच्या आसपास लागतात. मेसेज मात्र एवढ्यात आरामात जातो.

टी-मोबाइलने या सेवेसाठी सिग्नल पाठवायला ५ आणि घ्यायला ५ मेगाहर्ट्झचा पट्टा दिला आहे. शहरात हाच पट्टा इथल्या टॉवरला वापरता येतो, पलीकडच्या टॉवरलाही वापरता येतो. आकाशातून मात्र तो मोठ्या भागावर एकदाच वापरता येतो. उपाय एकच, अँटेना मोठा करून झोत अरुंद करायचा. एएसटी स्पेसमोबाइल ही अमेरिकन कंपनी तेच करते आहे. २४ डिसेंबर २०२५ रोजी इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून तिचा ब्लूबर्ड उपग्रह सोडला, तो सुमारे ६,१०० किलोंचा होता. त्याचा अँटेना २२३ चौरस मीटर, म्हणजे चार-पाच टू-बीएचके फ्लॅट शेजारी शेजारी मांडावेत एवढा.

न थांबणारा टॉवर

दुसरी अडचण वेगाची. हे उपग्रह सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर पळतात. मुंबई ते पुणे हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे. हा टॉवर ते १६ सेकंदांत कापतो. त्यामुळे एक उपग्रह फोनच्या टप्प्यात जेमतेम काही मिनिटं असतो आणि मग फोनला पुढच्या उपग्रहाच्या हवाली करावं लागतं. शिवाय जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा जसा चढा ऐकू येतो आणि लांब जाताना उतरतो, तशीच सिग्नलची फ्रीक्वेन्सी सरकत राहते. ती दुरुस्त केली नाही, तर फोनला काहीच उमगत नाही.

इथे एक गोष्ट मदतीला येते. उपग्रह कधी, कुठे असेल हे आधीच माहीत असतं. त्यामुळे कोणता फोन कधी कुणाकडे सोपवायचा, याचं वेळापत्रक आधीच आखता येतं. मोबाइलचे जागतिक नियम ठरवणाऱ्या ३जीपीपी या संस्थेने २०२२ मध्ये ‘रिलीज १७’मध्ये उपग्रहांना ५जीच्या नियमांत पहिल्यांदा जागा दिली. ६जीमध्ये तर टॉवर आणि उपग्रह हे एकच नेटवर्क मानण्याचा विचार आहे.

नळाला पाणी किती वाजता?

एकच नेटवर्क म्हटलं की वाटपाचा प्रश्न आलाच. फ्रीक्वेन्सी मोजकी, बीम मोजके आणि वीजही मोजकी. उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो. त्यातला बराच वेळ तो सावलीत असतो आणि बॅटरीवर चालतो. खाली समुद्र असेल तर ग्राहक जवळजवळ नाहीत, दाट वस्ती आली की झुंबड.

म्हणून बीम आळीपाळीने फिरवतात. नगरपालिकेचा व्हॉल्व्हमन सकाळी या पेठेचं पाणी सोडतो, दुपारी त्या पेठेचं. इथे तेच काम सॉफ्टवेअर सेकंदाच्या छोट्याशा भागात करतं. मागणी कुठे वाढेल याचा अंदाज बांधायला संशोधक मशीन लर्निंग वापरू पाहत आहेत. पण कितीही हुशार व्हॉल्व्हमन आणला, तरी टाकीतलं पाणी वाढत नाही.

भांडणंही पाण्यासारखीच. उपग्रहाने ताकद वाढवली की शेजारच्या फ्रीक्वेन्सीत खरखर होईल, अशी तक्रार एटी अँड टी आणि व्हेरायझन यांनी केली होती. एफसीसीने मार्च २०२५ मध्ये अटी घालून स्पेसएक्सला जास्त ताकदीची मुभा दिली. टी-मोबाइलची सेवा जुलैमध्ये रीतसर सुरू झाली, ऑक्टोबरपासून व्हॉट्सअ‍ॅपसारखी निवडक अ‍ॅपही चालू लागली. निवडकच, कारण सगळ्यांना दार उघडलं तर बीम गुदमरेल.

गडचिरोलीचं काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांची नावं त्यात आहेत. पण ही सेवा छतावर डिश लावून मिळणाऱ्या इंटरनेटची आहे, थेट फोनवर येणारी नाही. डिशचा अँटेना फोनपेक्षा कितीतरी मोठा, म्हणून वेगही जास्त. वाटून घेण्याचा हिशोब मात्र तोच. एका बीमखाली जितक्या डिश, तितके वाटेकरी.

उपग्रहासाठीचं स्पेक्ट्रम लिलावाशिवाय द्यायचं, हे २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ठरवलं. त्यासाठी कंपन्यांकडून महसुलाच्या ४ टक्के घ्यावेत, अशी शिफारस ट्रायने मे २०२५ मध्ये केली. फायबर न पोचलेल्या गावात टॉवरच्या डोक्यावर डिश बसवूनही काम भागतं. फोन टॉवरशी बोलतो आणि टॉवर उपग्रहाशी. मग पावसाळ्यात ती एकच वाट तुंबली, तर आरोग्य केंद्राचा रिपोर्ट आधी सोडायचा की कुणाचा तरी क्रिकेट सामना, हे त्या टॉवरच्या सेटिंगमध्ये कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असावं लागतं.