सावलीतला आयो आणि कुलाब्याचा कॅमेरा

नशिराबादहून भुसावळकडे जाताना दिसणारी कपाशीची काळी जमीन सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या झिजेतून झाली आहे. ते उद्रेक केव्हाच थंडावले. गुरूच्या ‘आयो’ या चंद्रावर मात्र आजही सुमारे 400 ज्वालामुखी जागे आहेत. ते आपल्या देशातून टिपता येतील का, या संपादकांच्या प्रश्नाचा माग काढत मी ‘टिरकॅम-2’ या कॅमेऱ्यापाशी पोहोचलो.

इतिहास थोडक्यात. मार्च 1979 मध्ये पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स यांनी गणित मांडलं, की गुरू आणि शेजारच्या चंद्रांच्या ओढाताणीत आयो आतून वितळत असणार. आठवडाभरातच व्हॉयेजर-1 यानाच्या छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना उद्रेकाचा फवारा दिसला.

पृथ्वीवरून पाहण्याची युक्ती मला त्याहून सुंदर वाटते. दर साडेबेचाळीस तासांनी आयो गुरूच्या सावलीत शिरतो. त्याच्यावरचं ऊन जातं आणि उरते ती लाव्ह्याची धग, अवरक्त किरणांत चमकणारी. साडेतीन मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास गुरूवरचा मिथेनही सूर्यप्रकाश गिळतो, त्यामुळे गुरूचा झगमगाट आड येत नाही. मग हा काळवंडलेला आयो गुरूच्या कडेमागे सरकू लागतो. पुरता झाकला जायला साडेतीन मिनिटं लागतात. एकेक ज्वालामुखी कडेआड गेला, की प्रकाश एकेक पायरी खाली येतो; ती पायरी नेमकी कधी उतरली त्यावरून ज्वालामुखीची जागा काढता येते. ‘लोकी’ हे 200 किलोमीटर रुंदीचं लाव्ह्याचं कुंड जेमतेम बारा सेकंदांत दिसेनासं होतं.

ते बारा सेकंद पकडायला भराभर चित्रं घेणारा कॅमेरा लागतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिरकॅम-2 तसा आहे. आधी तो जुन्नरजवळ गिरवलीच्या दुर्बिणीवर होता, पुढे नैनितालजवळच्या देवस्थळला 3.6 मीटरच्या दुर्बिणीवर बसवला गेला. त्याचा इंडियम अँटिमोनाइडचा संवेदक हीलियमच्या शीतयंत्राने उणे 238 अंशांपर्यंत गार ठेवतात, नाहीतर कॅमेऱ्याला स्वतःचीच ऊब दिसेल.

कॅमेरा गार झाला तरी आभाळ गार होत नाही. या तरंगलांबीला हवा, आरसा, दुर्बिणीचा सांगाडा सगळंच चमकतं. भर दुपारी दिवटी शोधावी तशी गत. म्हणून काही मिलिसेकंदांची शेकडो चित्रं घ्यायची आणि शेजारच्या रिकाम्या आभाळाचा उजेड त्यांतून वजा करायचा. हवेतली वाफ वाढली की तेही फसतं. पावसाळ्यात काम बंदच. सावलीतून थेट कडेआड जाणारा आयो दिसतो तो गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला येण्याआधीच्या महिन्यांतच, आणि त्यातही ती घटका आपल्या रात्रीत यावी लागते. शिवाय दुर्बीण एकट्या आयोची नाही. तिच्यासाठी देशभरचे खगोलशास्त्रज्ञ रांगेत असतात.

एका रात्रीने भागतही नाही. लोकी कित्येक महिने उजळतं, मग मंदावतं. त्याची नोंद वर्षानुवर्षं ठेवावी लागते. हवाईतल्या मौना केआवरच्या दुर्बिणी हे काम करत आल्या आहेत. पण तिथे रात्र असते तेव्हा आपल्याकडे बहुतेक दिवस असतो. मोठा उद्रेक काही दिवसांत ओसरतो, आणि तिथून निसटलेला देवस्थळवरून सापडू शकतो. म्हणून वेळवाटप करणाऱ्यांना माझी विनंती आहे: दर हंगामात आयोच्या ग्रहणांसाठी मोजके तास नियमाने राखून ठेवा.