तटावरचे कंगोरे

‘या प्रश्नाला अनेक कंगोरे आहेत’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांत ज्या आठवड्यात आढळत नाही, असा आठवडा विरळाच. प्रश्नाला पैलू असतात, बाजू असतात. कंगोरे मात्र मूळचे किल्ल्याचे. फारसी ‘कुंगुरा’ म्हणजे तटाच्या माथ्यावरील दाते. हिंदीत त्याचा ‘कंगूरा’ झाला आणि तो तटावरच राहिला. मराठीत तो भांड्याच्या काठावर आणि बांगडीच्या नक्षीत उतरला. पुढे चर्चेत शिरला आणि तटाला पारखा झाला.

मराठी दुर्गअभ्यासक या दात्यांना ‘चर्या’ म्हणतात. चेहऱ्यावरचा भाव म्हणजे चर्या आणि दिनचर्येतलीही चर्याच, त्यामुळे किल्ल्याच्या वर्णनात हा शब्द आला की नवखा वाचक अडखळतो. अनेक ठिकाणी या चर्या कमळाच्या पाकळीसारख्या, वर निमुळत्या होत गेलेल्या दिसतात. ही केवळ शोभा असावी असा समज होतो, पण तो अपुरा आहे. तटाच्या माथ्यावरून पहारेकऱ्यांना फिरण्यासाठी जी वाट असते ती ‘फांजी’. तिच्या बाहेरच्या कडेला चर्या उभ्या असतात. पाकळीआड शिपायाचे अंग झाकले जाते, दोन पाकळ्यांमधल्या फटीतून त्याला बाहेर पाहता येते, मारा करता येतो. बंदुका आल्यावर तटात मुद्दाम भोके ठेवली जाऊ लागली, त्या ‘जंग्या’. त्यांतील कित्येक खाली उतरत्या असतात. तटाच्या पायथ्याशी येऊन भिडलेला शत्रू सरळ भोकातून दिसणार कसा?

ही कल्पना बंदुकीहून पुष्कळ जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुर्गविधानात तटाचा माथा ‘कपिशीर्षकां’नी युक्त असावा, असे सांगितले आहे. कपिशीर्षक म्हणजे माकडाचे डोके. तटावर ओळीने बसलेली माकडे खालून कशी दिसतील, हे डोळ्यांपुढे आणले की नाव ठेवणाऱ्याच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते.

2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी 11 महाराष्ट्रात आणि जिंजी तामिळनाडूत. आता डागडुजीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो आणि तेथे हे शब्द निव्वळ कोशातले राहत नाहीत. कामाच्या कागदावर नुसते ‘भिंत दुरुस्ती’ असे लिहिले, तर गवंडी भिंत सरळ रेषेत चढवील आणि जंगी बुजवील. ‘चर्या’ असे लिहिले, तर निदान ती पाकळी होती कशी, हे त्याला विचारावे लागेल.