वाकळ : वस्त्राची स्मृती आणि शब्दांची स्मृती

जुन्या वस्त्रांचे तुकडे एकावर एक रचून आणि धावदोऱ्याने शिवून जे अंथरूण-पांघरूण सिद्ध होते, त्यास आपण गोधडी म्हणतो. बीड जिल्ह्याच्या ग्रामीण बोलीत व मराठवाड्यात इतरत्रही वाकळ हा शब्द त्याच अर्थी चालतो. ह्या वस्तूचा विचार आजवर बहुधा कारागिरीच्या अंगाने झाला. श्रीमती गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध करून ती बाजू चांगली प्रकाशात आणली आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू थोडा निराळा आहे. कुटुंबातील माणसांची वस्त्रे ज्या वाकळेत एकत्र येतात, ती वाकळ त्या कुटुंबाची आठवण कोणत्या रीतीने धारण करते, आणि त्या कामी भाषेचा वाटा किती, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहू. वाकळ हा शब्द संस्कृत ‘वल्कल’ शब्दाशी जोडता येतो. ‘ल्क’ ह्या जोडाक्षराचे प्राकृतात ‘क्क’ होणे, मराठीत त्या द्वित्ताचा लोप होऊन मागील स्वर दीर्घ होणे, आणि दोन स्वरांमधील ‘ल’चा ‘ळ’ होणे, ह्या तिन्ही पायऱ्या नियमाला धरून आहेत. भक्त, भत्त, भात ही परंपरा दुसऱ्या पायरीची, आणि फल, फळ ही तिसरीची साक्ष देते. ध्वनींच्या बाजूने म्हणूनच ही व्युत्पत्ती निर्दोष ठरते. अर्थाच्या बाजूने झाडाच्या सालीपासून चिंध्यांच्या पांघरुणापर्यंतचा प्रवास मानावा लागतो. वैराग्याचे, दारिद्र्याचे वस्त्र हा त्या दोहोंमधील दुवा होय.

गोधडीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. हिंदीत गुदडी, गुजरातीत गोदडी, म्हणजे दोन्हीकडे ‘द’. मराठीत मात्र ‘ध’. हा महाप्राण मराठीत कोठून आला? धडपा, धडुते ह्या वस्त्रवाचक शब्दांच्या सान्निध्याने तो आला असणे शक्य आहे. नुसत्या रूपसाम्यावर विसंबणे किती धोक्याचे असते, ह्याचे उदाहरण ह्याच शब्दकुलाच्या शेजारी सापडते. कंथा म्हणजे ठिगळांचे वस्त्र. बंगालची प्रसिद्ध कांथा ती हीच. परंतु पाणिनीच्या २.४.२० ह्या सूत्रातील ‘कन्था’ उशीनर देशातील गावांच्या नावांत येते. तिचा गोधडीशी काही संबंध नाही.

ह्या क्षेत्रातील मराठी शब्दसंपत्तीचे खरे वैशिष्ट्य व्युत्पत्तीत नसून तिच्या रचनेत आहे. एका लुगड्याचे आयुष्य ह्या शब्दांनी पायरीपायरीने मोजलेले दिसते. नवे लुगडे वापरून मध्यभागी विरले, की विरलेला भाग कापून दोन्ही चांगले भाग जोडतात. त्यास दंड घालणे म्हणतात. पुढे ते जुनेर होते. जुनेर फाटले, की त्यातील नेसण्याजोगा उरलेला तुकडा धडपा होतो. धडप्याच्या चिंध्या होतात, आणि त्यांतली एखादी शेवटी सारवणाचे पोतेरे बनते. वाकळ ही ह्या उतरंडीत जुनेर व चिंधी यांच्या दरम्यान येते, आणि ती उतरण तेथे थांबविते. जे वस्त्र पोतेऱ्याकडे चालले होते, ते पुन्हा एक नाव, एक आकार व एक दीर्घ आयुष्य मिळविते. पदरांच्या संख्येवरूनही शब्द झाले आहेत: दोन पदरांचे ते दुपटे, चार घड्यांची ती चौघडी. ‘अस्तर’ आणि ‘रजई’ हे फारसीतून आलेले शब्दही ह्याच घरात नांदतात. १९४८ पर्यंत निजामी राज्यात असलेल्या ह्या प्रदेशात त्यांचे नवल वाटावयास नको.

आता रचना. नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट लांबीचे कापड. त्याच्या चार घड्या केल्या, तर प्रत्येक घडी पावणेसात फुटांची होते, म्हणजे एका माणसाच्या अंथरुणास पुरेशी. एका लुगड्यातून अशा रीतीने चार पदर निघतात. खाली अस्तराचे लुगडे, वर शक्य तितके धड असे दुसरे लुगडे, आणि मध्ये सदरे, धोतरे, परकर, पटके, टोपडी ह्यांचे तुकडे सपाट मांडलेले, अशी सर्वसाधारण मांडणी असते. जमिनीवर पसरलेल्या ह्या थराच्या कोपऱ्यांवर वजन ठेवतात, कडा आत दुमडतात, आणि कडेपासून आत आत सरकत धावदोरा घालतात. थर जाड असेल तर सुईऐवजी दाभण लागतो. टाका दाट असेल तर आतील चिंध्या सरकत नाहीत, आणि धुताना वाकळेचा गोळा होत नाही. जे दिसावयास अलंकरण, तेच टिकाऊपणाचे कारण असते. शेजारणी भोवती बसून एकच वाकळ शिवतात, तेव्हा प्रत्येकीच्या टाक्याची धाटणी जाणत्या डोळ्यास ओळखू येते. तीही एक नोंदच होय.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्मृतीचे बहुतेक तुकडे मधल्या थरात असतात, म्हणजे डोळ्यांआड असतात. वरील लुगडे झिजून फाटते, तेव्हा आतील सदऱ्याची बाही प्रथमच वर येते, आणि घरातील वडीलधारी बाई म्हणते, “ही तुझ्या आज्याची बंडी.” ह्या वाक्याचा अर्थव्यापार साहित्यशास्त्राच्या परिभाषेत लक्षणेचा आहे. आजोबांच्या छायाचित्राचे आजोबांशी नाते सादृश्याचे असते. बंडीच्या तुकड्याचे नाते संबंधाचे असते. तो आजोबांसारखा दिसत नाही, परंतु त्यांच्या अंगावर होता. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स (१८३९–१९१४) यांनी चिन्हांचे जे तीन वर्ग केले, त्यांत सादृश्यचिन्ह व संकेतचिन्ह यांहून निराळे असे निर्देशक चिन्ह मानले आहे. धूर जसा अग्नीचा, तसा हा तुकडा त्या माणसाचा निर्देशक. परंतु धूर पाहून अग्नी कोणासही कळतो. तुकडा पाहून माणूस कळण्यास सांगणारे कोणीतरी लागते. ‘ही’, ‘तुझ्या’, ‘आज्याची’ ह्या तीन शब्दांवाचून ती केवळ चिंधीच राहते.

ह्या मुद्द्याचे महत्त्व तुलनेने अधिक स्पष्ट होईल. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टन येथे एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ एक प्रचंड गोधडी मांडण्यात आली. तीत १,९२० फलक होते. प्रत्येक फलक तीन फूट रुंद व सहा फूट लांब. त्या फलकांवर मृतांची नावे होती, कारण ती वाचणारा अनोळखी असणार हे गृहीतच होते. आपल्या वाकळेवर नाव नसते, कारण ती वापरणारा घरचाच असतो. लिहिलेल्या वस्त्राची परंपरा मात्र बीड जिल्ह्यास अपरिचित नाही. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनी आपले ‘पंचीकरण’ सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा पासोडीवर लिहिले; ती पासोडी अंबाजोगाईस आजही जतन केलेली आहे. पासोडी हेही अंगावर घेण्याचे जाडेभरडे वस्त्रच. एकाच भूमीतील ही दोन वस्त्रे: एकावर अक्षरे आहेत म्हणून ते चार शतके वाचले जाते, दुसऱ्यावर ती नाहीत, म्हणून त्याचे वाचन एका पिढीच्या जिभेवर अवलंबून असते.

ही जीभ आज दुर्बल होत आहे, आणि ह्या विषयाची निकड तेथेच आहे. सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतली. त्या टिकतात, पण घाम शोषत नाहीत व सुती थराशी नीट बसत नाहीत. बाजारची चादर व ब्लँकेट स्वस्त झाले. दिवाळीच्या सुमारास ह्या जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे मोठ्या संख्येने ऊसतोडीसाठी जोडपी जातात. उसाच्या फडाजवळील कोपीत त्यांचा संसार कित्येक महिने चालतो, आणि म्हातारी माणसे बहुधा गावीच राहतात. वाकळ कोपीत जाते, तिची कथा सांगणारी मात्र मागे राहते. ज्या घरांत जुनी कागदपत्रे वा छायाचित्रे फारशी नाहीत, तेथे अशा दुराव्यात नाहीशी होणारी गोष्ट म्हणजे त्या कुळाचा एकमेव इतिहास असू शकतो.

म्हणून नवी स्मृतिवाकळ करणाऱ्यांनी व जुनीचा अभ्यास करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. शिवण्यापूर्वी तुकडे धुऊन, उन्हात वाळवून, सुती व रेशमी वेगळे करावेत. जरीचा काठ धागे कापतो, म्हणून तो कडेस न लावता स्वतंत्र पट्टीवर टाचावा. विरलेल्या रेशमाखाली सुती आधार द्यावा, आणि असा तुकडा ओढ कमी असेल तेथे, म्हणजे मध्यभागी घ्यावा. मृताची वस्त्रे ठेवावीत की दान करावीत, ह्याविषयी घरोघरची रीत भिन्न असते. तिचा मान राखावा. मांडणी पूर्ण झाली, की टाका घालण्यापूर्वी कागदावर तिचा नकाशा काढून प्रत्येक तुकड्यास क्रमांक द्यावा, आणि क्रमांकापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: वस्त्राचे घरातील नाव, ते नेसणाऱ्याचे सांगणाऱ्याशी नाते, आणि त्यासंबंधी सांगितलेले वाक्य.

ह्यांतील तिसऱ्या नोंदीविषयी विद्यार्थ्यांस विशेष सांगावयाचे आहे. ते वाक्य प्रमाण मराठीत ‘सुधारून’ घेऊ नये. बोलीतील उच्चार, नात्याचा शब्द, क्रियापदाचे रूप जसेच्या तसे टिपावे. ‘जुनेर’ असे सांगितले असेल तेथे ‘जुनी साडी’ असे लिहिले, तर लुगड्याच्या आयुष्यातील एक पायरी कायमची पुसली जाते. वाकळ शिवणारी बाई एकही धड धागा वाया जाऊ देत नाही. तिचे बोलणे टिपणाऱ्याने शब्दांच्या बाबतीत तेवढी काटकसर पाळली, तर वस्त्र आणि त्याचा अर्थ ही दोन्ही पुढील पिढीच्या हाती एकत्र पोहोचतील.