तिरकी रेघ कोणाची?

नवेगाव बांधच्या तलावावरच्या पक्ष्यांच्या नोंदी चाळणारा प्रोग्राम रुबी भाषेत लिहायला घेतला, तर एका ओळीत ‘एकूण / दिवस’ येईल आणि दुसरीत ‘शोध /सारस/’. पहिली तिरकी रेघ भागाकाराची. दुसरी, सारसाचं नाव हुडकणाऱ्या नमुन्याची सुरुवात. गोंदिया जिल्ह्यात सारसाची ओळख करून द्यावी लागत नाही; यंत्राला मात्र रेघेचीही द्यावी लागते.

हा पेच सोडवायची सोय ट्री-सिटरमध्ये आहे. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांचं हे साधन गिटहबच्या अ‍ॅटम एडिटरमधून पुढे आलं. अ‍ॅटम डिसेंबर 2022 मध्ये बंद पडला, पण ट्री-सिटर तोवर निओव्हिम या दुसऱ्या एडिटरमध्ये रुजलं होतं, मागाहून ईमॅक्स एडिटरनेही घेतलं. भाषेचं व्याकरण लिहून दिलं की ते कोडची रचना ओळखणारा सी भाषेतला पार्सर काढून देतं, कोडचे तुकडे, म्हणजे टोकन, तोडणाऱ्या लेक्सरसकट. जिथे नियम अपुरे पडतात तिथे हाताने लिहिलेला बाहेरचा स्कॅनर जोडायचा. सारा पसारा पाच फंक्शनांचा.

काम करतं ते ‘स्कॅन’. या जागी कोणकोणती टोकन चालतील, याची यादी पार्सर त्याच्या हाती देतो. एकच चालत असेल तर वादच नाही. पण ‘शोध’ हे चलाचं नाव की मेथडचं, हे नुसत्या ओळीवरून ठरत नाही, म्हणून तिथे रेघेचे दोन्ही अर्थ चालतात. मग रुबीचा स्कॅनर मोकळी जागा बघतो. रेघेआधी जागा आहे आणि पुढचं अक्षर चिकटलेलं आहे, तर नमुना. नाहीतर तो नकार देतो आणि आतला लेक्सर भागाकार उचलतो. अंदाजच हा, पण रुबी लिहिणाऱ्यांच्या सवयीवर बेतलेला.

पायथनमध्ये स्कॅनरला लक्षातही ठेवावं लागतं: ओळी किती आत सरकल्या आहेत आणि कुठे परत आल्या. मधलीच ओळ बदलली तर ट्री-सिटर सगळी फाईल पुन्हा वाचत नाही, म्हणून स्कॅनरची त्या त्या ठिकाणची आठवण जपून ठेवतं. तिला जागा फक्त 1024 बाइट. ही काटकसर मला आवडते. स्कॅनरमध्ये वाट्टेल ते कोंबायचा मोह तिथेच आवरतो.

नवखा फसतो तो चुकलेल्या कोडवर. पार्सर सावरू पाहताना यादीतलं प्रत्येक टोकन चालेल असं सांगतो, आणि भोळा स्कॅनर भलतंच काहीतरी उचलतो. म्हणून जाणकार यादीत एक खोटं टोकन घालतात, व्याकरणात कुठेही न वापरलेलं. तेही चालतंय असं दिसलं, की स्कॅनरने हात मागे घ्यायचा.