गुरुवारची गोळी

ताई धापा टाकतच लॅबमध्ये शिरते. वेल्ह्याकडून नसरापूर, तिथं गाडी बदलून कापूरहोळवरून भोर. तालुक्याचं नाव कागदोपत्री राजगड झालंय, तिच्या तोंडी वेल्हंच. लावणीचे दिवस, नखांच्या कडांत खाचरातला चिखल तसाच. ती बाही सरकवून हात पुढे करते, पण टेक्निशियन सुई हातात घेत नाही.

"आधी अर्धा तास शांत बसा."

"अहो, परतीची गाडी आहे माझी."

"धावपळीनंही प्रोलॅक्टिन वाढतं, ताई. आकडा फुगला तर पुण्याचे डॉक्टर मला बोलतील."

ती माझ्याशेजारी टेकते, पिशवीतून फाइल काढते. मावसबहीण माझी, "लिही, पण नाव नको," एवढीच अट. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर 6 मिलिमीटरची गाठ. पाळी थांबली होती, अंगावर पिणारं बाळ नसताना दूध येत होतं. कॅबरगोलिनची गोळी सुरू झाली. 190 वरचं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हॉर्मोन, 74 वर आलं आणि तिथंच अडून बसलं. बाईच्या रक्तात ते साधारण 25 च्या आत हवं. डोस वाढत वाढत आठवड्याला 2 मिलिग्रॅमवर गेला, आकडा ढिम्म. मग एका ठिकाणी सांगितलं, औषध लागू पडत नाही, नाकातून ऑपरेशन करा. घरात रडारड.

"पाळी?" मी हळूच विचारते.

"वेळेवर. दूधही कधीचं बंद."

हीच तर मेख! हॉर्मोन खरंच तेवढं असेल तर शरीर गप्प का? पुण्याच्या डॉक्टरांना तिथंच शंका आली. प्रोलॅक्टिनचं नेहमीचं रूप 23 किलोडाल्टनचं. पण काहींच्या रक्तात ते अँटीबॉडीला चिकटून 150 च्याही वर जातं. हे मॅक्रोप्रोलॅक्टिन रक्तातून लवकर निघून जात नाही, आणि रक्तवाहिनीबाहेर पडून कामही फारसं करत नाही. यंत्र मात्र तेही मोजतं.

"म्हणजे पेंढ्याचा भारा डोक्यावर घेतलेली बाई," ताई म्हणते, "दारातून बाहेर निघायचीच नाही."

अर्ध्या तासानं रक्त पिवळ्या टोपणाच्या नळीत उतरतं. ते गोठल्यावर इथं फक्त सीरम वेगळं होणार, पुढचं पुण्यात. सीरममध्ये तेवढंच पीईजीचं (पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं) द्रावण घालून फिरवलं की मोठं रूप तळाशी बसतं, वरच्या पाण्यात पुन्हा मोजायचं. 40 टक्क्यांहून कमी उरलं तर आकड्यातला बराचसा भाग मॅक्रोचा. गाठ खोटी ठरत नाही त्यानं, पण औषध हरलं असं म्हणायची घाईही नको. ही तपासणी ऑपरेशनचं नाव काढण्याआधी व्हायला हवी होती, असं मला राहून राहून वाटतं.

टेक्निशियन नळीवर चिठ्ठी चिकटवतो. "रिपोर्ट येईपर्यंत गोळी मनानं बंद करायची नाही."

"आज वार कुठला?"

"गुरुवार."

"अगं बाई, आजचीच की!" ताई पिशवीत पाकीट शोधू लागते. "पाणी आहे का हो?"