लिंक नंतर, आधी हाक

भाकरी थापत असाल, लेकराचं दप्तर भरत असाल, तर हातातलं काम चालू द्या, फक्त कान इकडे द्या. आज मोबाईलमधल्या ग्रुपबद्दल बोलायचं आहे. आपण 'गट' म्हणतो तेव्हा बचत गट, आणि 'ग्रुप' म्हणतो तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप. गटात दहा ते वीस जणी असतात. ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात. म्हणून वाटतं, जितक्या जास्त बाया तितका ग्रुप मोठा, तितकं आपलं काम चांगलं. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून आधी माझी चूक सांगते.

आमच्या ग्रामसंघाचा ग्रुप काढला तेव्हा त्यात चाळीसेक जणी होत्या. आणखी याव्यात म्हणून मी लिंक गावाच्या मोठ्या ग्रुपवर टाकली, स्टेटसला ठेवली, सगळ्यांना 'पुढे पाठवा' म्हणून सांगितलं. चार दिवसांत आकडा दोनशेवर गेला. मी खूश! पाचव्या रात्री ग्रुपवर मेसेज आला, 'फक्त महिलांसाठी बिनव्याजी कर्ज, आजच ९९९ रुपये भरा.' आमच्या एका काकूंचं कोंबड्यांचं शेड अर्धवट राहिलं होतं. त्यांनी पैसे भरले. ते गेलेच. त्याच आठवड्यात दोन मुलींना अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले, कारण ग्रुपमध्ये आपला नंबर सगळ्यांना दिसतो, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. मग घरोघरी एकच वाक्य, 'बाहेर पड त्या ग्रुपमधून.' काकू मला एवढंच म्हणाल्या, 'ताई, मी तुमच्या नावावर आत आले होते.'

मैत्रिणींनो, लिंक म्हणजे आपल्या घराची किल्ली. ती चावडीवर टांगून ठेवायची नसते. मग नव्या बाया आणायच्या कशा? आम्ही नव्याने काय केलं ते सांगते.

पहिलं काम दाराचं. जुनी लिंक अ‍ॅडमिनला रद्द करता येते, ग्रुपच्या माहितीत लिंक 'रीसेट' करायची सोय असते. तिथल्याच सेटिंगमध्ये नव्या सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी लागेल असंही ठरवता येतं. आम्ही दोन्ही केलं. आता प्रत्येक नव्या बाईला आमच्यापैकी कुणीतरी एक जण ओळखत असली पाहिजे. अ‍ॅडमिनही एकटी मी नाही, तीन वाड्यांच्या तिघी आहेत.

दुसरं, बोलावताना तिच्या कामाचं सांगा. 'ग्रुपला या' एवढ्याने कोण येतं? शेळ्या असणारीला म्हणा, 'पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस द्यायची असते ना, डॉक्टर कोणत्या दिवशी येणार ते ग्रुपवर कळतं.' पापड-कुरडया करणारीला म्हणा, 'तालुक्याच्या विक्रीला कोण कोण जाणार, टेम्पोचं भाडं वाटून कसं घ्यायचं, ते तिथेच ठरतं.' एका बाईला एकच कारण पुरतं, पण ते तिचं हवं.

तिसरं, जागा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया जमतात, तिथे सांगा. पण तेवढ्यावर थांबू नका. विधवा बहिणींना अजून अनेक घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं जात नाही, आणि गटाची गरज तर त्यांना जास्त. म्हणून रेशन दुकानापाशी, आठवडी बाजारात, ग्रामसभेआधीच्या महिला सभेतही सांगा.

चौथं, फोन कुणाचा? पुष्कळ घरांत तो नवऱ्याचा किंवा पोराचा असतो. चोरून ग्रुपमध्ये घेतलेली बाई आठ दिवसांत बाहेर पडते, वर तिलाच बोलणी बसतात. त्यापेक्षा घरी जाऊन, चहा घेत, सगळ्यांसमोर सांगा की ग्रुपवर काय येतं, अ‍ॅडमिन कोण आहेत, नंबर कुणाला दिसतो. एवढं ऐकून ती 'नको' म्हणाली तर आग्रह करू नका. जिच्याकडे फोनच नाही, तिला शेजारच्या सदस्येशी जोडून द्या. निरोप आला की शेजारणीने तिच्या घरी जाऊन सांगायचा. आमच्याकडे अशा अकरा जणी आहेत. त्या फोनवर दिसत नाहीत, पण आम्ही त्यांना ग्रुपमध्येच धरतो.

पाचवं, आलेली टिकली पाहिजे. सकाळच्या फुलांच्या फोटोंखाली कामाचा निरोप गडप होतो. आम्ही नियम केला आहे, शुभेच्छा प्रत्यक्ष भेटीत द्यायच्या, ग्रुपवर फक्त कामाचं. वाचता येत नसेल तर माइकचं चिन्ह दाबून धरून बोलायचं. आमच्या सर्वात वयस्कर आजी बाजारातला लसणाचा भाव अशाच बोलून पाठवतात.

आणि एक गोष्ट प्रत्येक नवीला पहिल्याच दिवशी सांगा. कर्ज देतो म्हणून अनोळखी नंबरवरून जो आधी पैसे मागतो, तो देणारा नव्हे, घेणारा. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. फसगत झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी', त्यात 'ग्रुप्स', तिथे 'माझे संपर्क' निवडा. मग ओळख नसलेला माणूस तुम्हाला परस्पर कुठल्या ग्रुपमध्ये घालू शकत नाही.

आज आमच्या ग्रुपमध्ये शहाऐंशी जणी आहेत. दोनशेपेक्षा कमीच. पण परवा एकीची शेळी रात्री अडली, तर दहा मिनिटांत तिच्या गोठ्यात चौघी हजर होत्या.

काकू मात्र अजून परत आलेल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. महिन्याच्या बैठकीचा निरोप मी स्वतः त्यांच्या दारात जाऊन देते. मागच्या वेळी त्यांनी विचारलं, 'आता लिंक कुणाकडे असते गं?' एवढं विचारलं, हेच मला पुष्कळ वाटलं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. लिंक कुठेही टाकू नका. एका बाईच्या घरी जा, तिच्याशेजारी बसा आणि तिला काय हवं ते विचारा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.